आप्पांनी सोडलेली जागा

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारचा पत्रे ठोकायचा प्रेस बंद. एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, म्हणून आमचं रेकॉर्डिंग कायम गुरुवारीच. बाकीचे दिवस भोसरीच्या त्या गाळ्यात माणूस बोललेलं माणसाला ऐकू येत नाही. पण आता रेकॉर्डिंग उरलंय कुठे? सगळे भाग उन्हाळ्यातच संपले, पेनड्राइव्ह डबीत घालून लोकांच्या घरी पोचलेसुद्धा. तरी संतोषने बोलावलं. चहाबरोबर क्रीमरोल मागवले. म्हटलं, याचं काहीतरी काम आहे.

होतंच. एका वाहिनीला आपली मालिका हवीय. रोज संध्याकाळी, मुलांच्या वेळेला. जपानी ॲनिमे, मराठी बोलणारं, टीव्हीवर! संतोषला हे बसून सांगवेना. जपानी क्लासमध्ये असल्यापासून 'एक दिवस हे मराठीत करायचं' म्हणायचा आणि आम्ही हसायचो. मी चाकणच्या कंपनीत दुभाषी झाले, तो गाळा घेऊन बसला. हसणाऱ्यांत मी पहिली. आज गप्प क्रीमरोल खाल्ला.

त्यांच्या काही अटी आहेत म्हणे. कळवतील.

घरी येऊन आधी आप्पांना सांगितलं. सासरे तसे देवभोळे नाहीत, पण देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मालिकेतल्या म्हाताऱ्या नावाड्याचा आवाज त्यांचा आहे. होता.

८ नोव्हें., शनि.

अर्धी रजा. आप्पांची तपासणी. घसा स्वच्छ. देवा, तुझे उपकार. जूनमध्ये त्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा मी काय काय कबूल करून बसले होते ते मलाच आठवत नाही. गाठ साधी निघाली. ती काढताना आवाज तेवढा गेला. आता बोलतात ती नुसती हवा, जवळ जाऊन ऐकावी लागते. डॉ. म्हणाले, याहून जास्त सुधारणार नाही. आप्पांनी मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, ऊस खायला चालंल का विचारायचं राह्यलं.

नावाडी करणारा नट पहिल्या रेकॉर्डिंगला आलाच नव्हता. आप्पा माझा डबा घेऊन गाळ्यावर आले होते, संतोषने त्यांनाच माईकपुढे उभं केलं. मला वाटलं, आजचा वार फुकट गेला. आप्पा दोन-तीन शब्द बोलायचे नि थांबायचे. जन्म प्रेस शॉपमध्ये गेला, दोन ठोक्यांच्या मध्ये बोलायची सवय. रिटायर झाले, प्रेस सुटला, थांबणं सुटलं नाही. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, सासरे माझ्याशी फार विचार करून बोलतात.

आणि तेच नावाड्याला चपखल बसलं. निगडीच्या एका आईचा संतोषला फोन आला होता, आमचा मुलगा आता 'मला. भूक. लागली हाय' असं बोलतो, काय करू?

१३ नोव्हें., गुरु.

अटी आल्या. दोन.

एक, सातव्या भागात मागे धप्प धप्प आवाज आहे, तो चालणार नाही.

दोन, नावाडी बदला. सगळ्यांना कळेल अशी मराठी, नावाजलेला आवाज. 'व्हय', 'न्हाई' काढा. मधली शांतता काढा.

वाहिनीच्या मॅडम मुंबईहून फोनवर होत्या. भांडायच्या तयारीने बसले होते, पण बाई चांगल्या. म्हणाल्या, "घरी बघणारा मुद्दाम लावून बसतो. टीव्हीवर माणूस मध्येच येतो, जरा शांत झालं की बंद पडलं समजून पुढचं चॅनल लावतो." खोटं नाही. आमच्याकडे अभयचं तेच. रिमोट हातात असला की नवऱ्याला कुठलंच चॅनल परकं नाही.

मी म्हटलं, तो आवाज माझ्या सासऱ्यांचा आहे. त्या म्हणाल्या, छानच आहे हो, पण...

सातवा भाग मी आणि संतोषने पुन्हा पुन्हा ऐकला. कसलं धप्प? काहीच नाही. संतोष म्हणाला, मुंबईकरांचे कान नाजूक.

१५ नोव्हें., शनि.

आहे. धप्प आहे.

कंपनीत मोजमापाची खोली आहे, तिथे पंख्याचासुद्धा आवाज नसतो. जेवणाच्या सुट्टीत तिथे बसून हेडफोन लावले. पहिल्या मिनिटाला ऐकू आलं. प्रेस. शेजारचा प्रेस, भागभर. त्या गुरुवारी त्यांचा ओव्हरटाइम असणार, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते कानावर आलं नाही. सगळे याच कारखान्यांच्या पट्ट्यातले, सगळ्यांचे कान त्याच ठोक्यावर वाढलेले. हसावं की रडावं. एवढा महागाचा माईक आणला, आणि ऐकणारे आम्ही!

नंतर आणखी एक लक्षात आलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावला. मी त्यात शाळेतली बाई झालेय. माझ्या वाक्यांवर ठोका जागोजागी बसलाय. आप्पांच्या एकाही शब्दावर नाही. एकाही.

घरी जाऊन विचारलं, त्या दिवशी शेजारी प्रेस चालू होता का?

"व्हय. अर्जंट माल व्हता त्यांचा."

मग आम्हाला सांगितलं का नाही?

"मला वाटलं, तुमाला ऐकू येतंय."

एवढंच. आणि पेपर उघडला.

२० नोव्हें., गुरु.

संतोषने धप्प काढून टाकलं. आप्पांची वाक्यं सोपी गेली, ठोका होता तिथे शब्दच नव्हता, नुसता कापायचा. माझी बाई पुन्हा रेकॉर्ड करावी लागली. संतोष म्हणाला, म्हातारा पास, मास्तरीण नापास. आप्पांना सांगितलं तर खूश होऊन हसले. हसणंही आता बिनआवाजाचं, पण खांदे पूर्वीसारखेच हलतात. तेवढं पुरे आहे मला.

पहिली अट मिटली. दुसरीवर मॅडम ठाम.

संतोष म्हणतो, तू सांगशील तसं. संवाद तुझे, आप्पा तुझे. पण त्याचा चेहरा मला वाचता येतो. टीव्हीवर गेलं तर पुढची मालिका हातात आहे, प्रेसच्या सुट्टीवर अवलंबून नसलेला खरा स्टुडिओ आहे. मी म्हटलं, आपलं घरच्या घरीच राहू दे ना. ज्याला हवं तो पेनड्राइव्ह लावून बघेल, थांबवेल, मागे नेईल. कुणी कापणार नाही, कुणी बदलणार नाही. तो म्हणाला, "वैशाली, ज्यांना आवडणारच होतं त्यांनी घेतला गं. बाकीच्यांना आहे हेच माहीत नाही."

मला राग आला. उत्तर न सुचल्याचा राग संतोषवर काढायचा ही माझी क्लासपासूनची रीत.

आप्पांना दुसरी अट अजून सांगितलेली नाही.

२७ नोव्हें., गुरु.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, उपवास. पूजा झाल्यावर आप्पांसमोर बसून सगळं सांगितलं. तुमचा आवाज काढून दुसऱ्याचा घालणार आहेत, म्हणून मी नाही म्हणणार आहे.

आप्पांनी जवळ बोलावलं. हळू हळू, थांबत.

"टीव्ही म्हंजी भंडाऱ्याची पंगत. कोनबी येतं, बसतं. पेनड्राइव्ह म्हंजी घरचं ताट. ज्याला वळख हाय, त्यालाच मिळतं. पंगत बंद नगो करू. माझ्यापायी."

मी म्हटलं, पण पंगतीत तुम्ही नसाल.

"गोष्ट असंल की. आक्काला कळंल तरी."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कुरुळीला. अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अंधुक, दिवसभर टीव्ही चालू. तिने अजून मालिका बघितलेली नाही. घरातले सगळे शिफ्टला, पेनड्राइव्ह लावून देणार कोण? ऑपरेशननंतर तर भाऊबहिणीचं फोनवर बोलणंही बंद झालंय. आक्काला कमी ऐकू येतं, आप्पांना मोठ्याने बोलता येत नाही.

मला रडू आलं. ते उपवासावर ढकललं. आप्पा म्हणाले, शेंगदाण्याचा लाडू खा.

मी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांचा आवाज आता या जगात फक्त त्या पेनड्राइव्हमध्ये आहे. तो पुसून त्याच चित्रातल्या ओठांवर दुसऱ्याचा बसवायचा, आणि तो सगळ्या महाराष्ट्राने खरा समजायचा. आप्पांना चालेल. मला नाही चालत. मला नाही चालत, हे इथे तरी लिहून ठेवते.

४ डिसेंबर, गुरु.

सकाळी लवकर पूजा उरकून कुरुळी. मी, अभय, आप्पा. टीव्हीला पेनड्राइव्ह आपणच लावून देऊ, एवढाच विचार. हे आधी का सुचलं नाही? सुचायला भांडावं लागतं बहुतेक.

आक्काचं घर आता तीन मजली, खाली भाडेकरू, पुढ्यात जिथे कांदा असायचा तिथे कंटेनर उभे. आक्का मात्र जुन्याच. मला म्हणाल्या, बारीक झालीस, सासरा खायला देत न्हाई का? आप्पांना जवळ बसवून घेतलं. दोघं नुसती एकमेकांच्या हाताकडे बघत होती.

अभयने पहिला भाग लावला. नावाडी बोलायला लागला.

"पान्याला. घाई नसती. पोरी."

आक्का एकदम मान वळवून बघायला लागल्या. टीव्हीकडे, मग आप्पांकडे, मग टीव्हीकडे. कळलं त्यांना. डोळे मिटून घेतले. आणि पुढच्या थांब्याला त्यांच्या तोंडून आलं, "हं."

पुढच्या थांब्याला पुन्हा "हं."

मग पूर्ण भागभर. नावाडी दोन शब्द बोलतो, थांबतो, आक्का हुंकार देतात, नावाडी पुढे बोलतो. गोष्ट ऐकताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, नाही दिला तर सांगणारा थांबतो, हे मी माहेरीही बघितलेलं आहे. पण टीव्हीला कुणी देतं का? आणि एकदाही चुकलं नाही. सातव्या भागात आप्पांच्या थांब्यावर जसा प्रेसचा ठोका बसला होता, तसाच इथे आक्काचा हुंकार जाऊन बसत होता. आता वाटतं, प्रेस शॉपच्या आधीपासूनच आप्पा असे बोलत असतील. आक्काच्या मांडीवर बसून बोलायला शिकलेला मुलगा. कोण सांगणार.

नावाडी नातीला रागावतो तो प्रसंग आला. तिथे आप्पांनी जरा जोर लावला होता. आक्का शेजारी बसलेल्या भावाचा हात दाबून म्हणाल्या, "दमानं बोल. मी ऐकतीय की."

आप्पांचे ओठ हलत होते. चित्राबरोबर, शब्दाला शब्द.

अभयने मागून मोबाईलवर थोडं टिपलं होतं. मला नंतर दाखवलं. त्याचे डोळे लाल. म्हणाला, कंटेनरची धूळ. या माणसाबरोबर मला एवढी वर्षं काढायला मिळाली, यासाठीही आज घटापुढे हात जोडले.

११ डिसें., गुरु.

संतोषला मोबाईलवरचं दाखवलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाला, हे मॅडमना पाठवू?

आक्काला विचारल्याशिवाय नाही म्हटलं. त्यांच्या नातसुनेला फोन लावला, तिने कानाशी ओरडून विचारलं. आक्काचा निरोप: पाठवा, पण डोक्यावर पदर हाय का बघा. आहे. पाठवलं.

बरोबर काय लिहायचं यावर आमचं पुन्हा वाजलं. मी लिहिलं, आवाज आणि थांबणं दोन्ही ठेवणार असाल तरच टीव्हीवर, नाहीतर आमचं घरीच बरं. संतोष म्हणाला, आप्पांचं म्हणणं यात कुठे आलं? आप्पांना फोनवर विचारलं, म्हणजे अभयने त्यांच्या तोंडाला कान लावून सांगितलं. न्हाई ठेवला तरी द्या म्हणाले.

शेवटी संतोषने दोन्ही लिहिलं. सुनेचं म्हणणं असं, सासऱ्याचं असं. मॅडमनी ठरवावं. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी असं काही बोलले तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. पण खरं तेच आहे. आणि आप्पांचं खरं असेल, अशी शंका मला रोज थोडी थोडी येते.

संतोषचे आभार कधी तोंडावर मानता आले नाहीत. इथे मानते. त्याने त्या दिवशी नट आला नाही म्हणून वार रद्द केला असता, तर आज आमच्याकडे काय असतं?

१८ डिसें., गुरु.

शेवटचा गुरुवार, उद्यापन. सोसायटीतल्या सवाष्णी हळदीकुंकवाला. घरात पाय ठेवायला जागा नाही.

दुपारी मॅडमचा फोन आला होता. बघितलं म्हणाल्या. दोनदा बघितलं. त्यांच्या हातात सगळं नाही, वरच्यांना दाखवतात. त्यांना स्वतःला काय वाटलं ते विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्यांदा बघताना मीच हं म्हणाले हो." पण होकार नाही. नकारही नाही. वरचे कधी बघतील ते वरच्यांनाच ठाऊक.

सवाष्णी गेल्यावर संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली तर आप्पा ओट्याशी येऊन उभे. काहीतरी सांगायचं होतं. रोज असं झालं की मी घाईत पुढचा शब्द ओळखून त्यांच्या आधीच म्हणून टाकते. मग ते मान हलवून परत जातात.

"भरतीच्या दिवशी." थांबले.

मी गॅस बारीक केला. म्हटलं, "हं."

माझ्याकडे बघितलं. खांदे हलले.

"फोरमन म्हनला."

"हं."

पहिल्या दिवशी प्रेससमोर उभं केलं तेव्हा कसे घाबरले होते, ते सगळं सांगितलं. मी इतक्या वर्षांत हे ऐकलेलं नव्हतं. मध्येच अभय आला, काय चाललंय म्हणून बघत राहिला, आणि पुढचा हुंकार त्याने दिला.

भाजी थोडी खाली लागली.