मालक की मजूर, ते लेखी कळवावे

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
बीड.

अर्जदार: बायनाबाई सुग्रीव तांदळे, सातवी पास, रा. चकलांबा, ता. गेवराई.

विषय: मजूर बाईला न विचारता मालक करून तिची मजुरी बुडवल्याबाबत.

संदर्भ: बंधाऱ्याच्या कामावरील सरकारी मजुरी दराचा फलक (सध्या पाण्याच्या टाकीवर झाकण).

महोदय,

१. सविनय लिहायचे असते म्हणून सविनय लिहिते. राग आहे तो आहेच. आमच्या ओढ्यावरील सरकारी बंधाऱ्याचे काम ‘कष्टदीप मजूर सहकारी संस्थे’ला मिळाले. दुष्काळात गावातच काम निघाले म्हणून आम्ही बायका उन्हाळाभर तिथे राबलो. हातावर टेकवली ती फलकावरच्या दराच्या निम्मी मजुरी.

२. जाब विचारला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष मोहनराव चारचौघांत म्हणाले, “बाई, सरकारी दर मजुराला असतो. तुमी संस्थेच्या सभासद, म्हंजे मालक. मालक सवताला मजुरी मागतो व्हय?” दोन वर्षांमागे चारा छावणीत बैलांचे नाव घालायचे म्हणून आमच्या सह्या घेतल्या होत्या. त्याच सह्यांवर आमच्या नावाने सभासदाच्या पावत्या फाडल्या. बैल छावणीत गेले आणि आम्ही संस्थेत गेलो.

३. आमच्याकडे मालक म्हणजे नवरा. तो एक घरात आहे, तेवढा पुरे होता. आता तोच सकाळी विचारतो, “मालकीणबाई, चहात साखर हाय का न्हाई?” साखर न्हाई. याच हातांनी किती ऊस तोडला त्याचा हिशेब नाही, आणि घरात साखर न्हाई.

४. मालक म्हणून आम्हाला आजवर सभेचे बोलावणे आले नाही. ठराव मात्र सर्वानुमते होतात, म्हणजे आमचे मत आमच्यावाचूनच पडते. पहिली नोटीस आली ती अशी: एका वळवाच्या पावसात बंधाऱ्याची भिंत तडकली, नुकसान संस्थेने भरावे. मोहनरावांनी ती नोटीस आमच्याच पदरात घातली, कारण मालक आम्ही. सिमेंट कुठे गेले ते त्यांच्या नव्या ओसरीला विचारावे. मजुरीच्या वेळी आम्ही मजूर नाही आणि वसुलीच्या वेळी पक्के मालक, हा कोणता कायदा, महोदय? चोर तो चोर, वर शिरजोर.

५. हे सगळे गिळलेही असते. पण ऊसतोडीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल घेऊन सोमवारी येणार आहे. उचल घेतली की दसऱ्यानंतर अख्खे घर फडावर जाणार. माझी सून सुभद्रा पाच महिन्यांची गरोदर आहे. मी माझी लेक फडावर, पाचटावर बाळंत होऊन जन्माला घातली. मुकादम खोपीबाहेर उभा राहून विचारत होता, उद्या कामावर येणार का. ते सुभद्रेला बघायला लागू नये. आमचा हक्काचा फरक मिळाला तर ती घरी बाळंत होईल, नाहीतर फडावर. माझे एवढेच मागणे आहे आणि ते सोमवारच्या आत आहे.

६. कळवण्यास आनंद होतो की, बुधवारी मी मालक या नात्याने संस्थेच्या कार्यालयाला कुलूप लावले आहे. कुलूप माझ्या कणगीच्या खोलीचे आहे. तिथे राखण्यासारखे काही उरलेले नाही. आत अध्यक्षांची खुर्ची, शिक्के व चष्मा राहिला आहे. त्यांनी पोलीस जमादार आणले. मी जमादारांना सभासदाची पावती दाखवून विचारले, मालकाने आपल्या घराला कुलूप लावले तर कलम कोणते लागते? जमादारांनी पावती दोनदा वाचली, मोहनरावांकडे पाहिले आणि गाडी फिरवली.

तरी मी मालक आहे की मजूर, ते लेखी कळवावे. मजूर असेन तर आम्हा सर्व बायकांना फलकावरच्या दराने फरक मिळवून द्यावा. मी त्याच दिवशी कुलूप काढते. मालक असेन तर तसेही कळवावे. मोहनरावांना सोमवारी घमेले देऊन भिंतीच्या दुरुस्तीवर लावते. फलकावरचा पुरा दर देईन. मी कुणाची मजुरी मारत नाही.

आपली,
मालक की मजूर ते आपण ठरवाल ती,
बायनाबाई सुग्रीव तांदळे
दि. २१ ऑगस्ट २०१५

सोबत:
१) सभासदाच्या पावतीची झेरॉक्स.
२) नुकसानीच्या नोटिशीची झेरॉक्स.
३) किल्ली जोडलेली नाही. ती माझ्या कमरेला आहे.