छत्तीस आणि बारा

कसबा पेठ, पुणे
२२ मार्च १९६१

ति. दादास,
मंदाकिनीचा शि. सा. न. वि. वि.

काल मॅट्रिकचा गणिताचा पेपर झाला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आज आमटीत दोनदा मीठ घातले. हे निमूटपणे जेवले, म्हणजे माझा चेहरा कसा असेल ते ओळखा.

शेवटचे गणित असे : आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईल, तर आजची वये काढा. मला हसूच फुटले. अहो दादा, मी छत्तीस, आपली उल्का बारा! क्ष कशाला मानायचा? तो सकाळीच दोन वेण्या घालून शाळेत गेला होता. उत्तर लिहिले नि ऐटीत उठले. जिन्यात आठवले, तुम्ही वर्षभर पत्रांतून बजावत होता : पायऱ्या लिही. एकही लिहिली नाही.

मॅट्रिक झाले तरच बालवाडीतली नोकरी कायम, असे सुनीतीबाई म्हणतात. गुण मिळतील ना हो? हवे तर खोटे सांगा.

लोभ निकालानंतरही असाच राहू द्यावा.
आपली धाकटी,
मंदाकिनी

वाई
२६ मार्च १९६१

चि. सौ. मंदाकिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोटे सांगणार नाही. नुसत्या उत्तराला माझ्या वर्गात मी भोपळा देतो, तुलाही दिला असता. परीक्षकाला तुझी उल्का थोडीच ठाऊक? मुलीचे वय क्ष. ३क्ष + १२ = २(क्ष + १२), म्हणजे ३क्ष + १२ = २क्ष + २४. दोन्ही बाजूंतून २क्ष काढ, मग बारा काढ. क्ष = १२. एवढ्याने हात झिजला असता का?

रागाने लिहिले खरे, पण तुझे पत्र आल्यापासून मलाही चैन नाही. निकाल लागताच कळव, आणि मीठ एकदाच घाल.

तुझा,
यज्ञेश्वरदादा

पुणे
१४ जून १९६१

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गणितात एकतीस. पस्तीस हवे होते, आणि ते गणित पाच गुणांचे होते. दोन दिवस रडले. सुनीतीबाईंनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. ऑक्टोबरचा फॉर्म भरला.

रोज उल्का मला गणिते घालते आणि तुमच्यासारखेच भोपळे देते. आज तिने मुद्दाम तेच गणित घातले. मी सगळ्या ओळी लिहिल्या, ताळाही पाहिला. मग सहज मनात आले, ऑक्टोबरात मी सदतीस असेन आणि ती तेरा. तिप्पट काही उरत नाही. तेच गणित पुन्हा आले, तरी ते आता आमच्या घरातले नसेल. क्ष मलाच काढावा लागेल.

आशीर्वाद तेवढा असू द्यावा, पायऱ्या मी लिहीन.
आपली,
मंदाकिनी