काकूंसारखी दिसणारी बाई

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली, तीही राहून-खाऊन! वॉर्डातली धावपळ नाही, फिनेलचा वास नाही. एकच पेशंट आणि माझ्या खोलीला बागेकडची खिडकी. काका सुतार, पाच महिन्यांपूर्वी शिडीवरून पडले, डोक्याला मार लागला. बोलणं-चालणं एकदम ठणठणीत. मला म्हणाले, "बरं झालं आलात ताई. या घरात एक तरी खरं माणूस हवं होतं." मला हसू आलं. काकू हसल्या नाहीत.

४ तारीख, मंगळवार
काकूंनी आज सगळं सांगितलं. काकांना त्या बायको वाटतच नाहीत. बायकोचं सोंग घेतलेली कुणी परकी बाई वाटतात. डॉक्टरांनी मला फोनवर समजावलं. चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग शाबूत आहे, पण आपलं माणूस दिसलं की आत जे हलतं, तिथवरची वाट तुटलीय. दिसते तर तशीच, वाटत मात्र काहीच नाही, म्हणजे ही तोतया, असं मेंदू स्वतःच ठरवून टाकतो. आवाजाची वाट वेगळी, ती धड आहे. म्हणून काकू रोज स्वयंपाकघराचं दार लावून घेतात आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला फोन करतात. काका लाडात विचारत होते, कधी येतेस गं, ती बया अजून इथंच ठाण मांडून बसलीय. काकूंचे डोळे वाहत होते, आवाज मात्र हसरा.

७ तारीख, शुक्रवार
कुत्रा मेला. बारा वर्षांचा, आंधळा, काकांच्याच पायाशी झोपायचा. काकांनी लाकूड तासायच्या पटाशीनं त्याचं पोट फाडलं. मी गेले तेव्हा हात कोपरापर्यंत लाल, आतडी बाजूला सारून निवांत बघत होते. म्हणाले, हा आमचा नव्हे, आत काय भरलंय ते पाहतोय.
डॉक्टर म्हणतात, दाखल करा, सोमवारी खाट मिळेल. पोलीस नकोत म्हणून काकूंनी माझे हात धरले. चौतीस वर्षांत काकांनी त्यांना कधी बोटही लावलं नाही म्हणे. सगळी हत्यारं मी कपाटात घातली, किल्ली माझ्याकडे.

८ तारीख, शनिवार
काकांनी फोनवर बायकोलाच विचारलं, या बाईचं काय करू? काकू घाईघाईनं म्हणाल्या, काही करू नका, चांगली आहे ती. फोन ठेवून काका माझ्या कानाशी आले. "ऐकलंत? धमकावून बोलायला लावतेय तिला."
जेवताना त्यांनी काकूंचं मनगट पिरगळलं. हाड मोडल्याचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. लाकडी पट्टी लावून मी हात बांधला. काकू म्हणतात, दोनच दिवस.

९ तारीख, रविवार, सकाळ
काकू गेल्या.
पलंगाखाली एक हातोडा होता. मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं.
काकू स्वयंपाकघरातून फोनवर बोलत होत्या, तेवढ्यात काका दार ढकलून आत गेले, फोन कानालाच. पहिला घाव खांद्यावर. काकू किंचाळल्या, अहो, मारू नका! फोनमधून ते ऐकून काका ओरडले, "भिऊ नकोस, आलोच, हिला जिवंत सोडत नाही!" त्या जितक्या ओरडत तितका हातोडा जोरात — तोंड राहिलंच नाही. मग फोन गप्प झाला.
मी मागून हात धरला. त्यांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, तुम्ही ताई नाही.

बाथरूममध्ये आहे. कडी लावलीय. खिडकीला गज. पोलीस म्हणाले, वीस मिनिटं. लिहितेय, हात थांबला तर —

फोन वाजला. काका. उचलला. आवाज किती मायेचा. ताई, कुठं आहात, जपून राहा, तुमच्यासारखी एक बाई बाथरूममध्ये लपलीय. मी म्हटलं, काका, ती मीच —
दाराबाहेर पावलं थबकली. माझा आवाज त्यांना फोनमधूनही आला, दारातूनही.
"आवाजसुद्धा चोरला हिनं. ताई, फोन ठेवू नका. सोडवतो तुम्हाला."

दाराची वरची फळी फुटली. फटीतून हातोडा — केस चिकटलेत त्याला —
फोन चालूच. विचारतायत, ताई, ठीक आहात ना. बोलले तर ते आणखी — नाही बोलले तर —
कडी वाक