चौदा शब्दांचं पान

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या महिन्याच्या चार तारखेला मी दुकानाच्या वेबसाइटवरची अकरा पानं काढून टाकली. त्यांत तुझं पान होतं.

२. आठ तारखेला, रविवारी सकाळी, कुणीतरी सर्चमधून त्या पानावर आलं. त्याला ‘हे पान अस्तित्वात नाही’ एवढंच दिसलं.

३. त्यानंतरच्या चारही रविवारी कुणी आलं नाही.

४. बाबांच्या स्वरयंत्रात गाठ आहे. या महिन्याच्या एकोणीस तारखेला ऑपरेशन आहे. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. आवाज जाईल.

५. तुझा नंबर बंद आहे आणि मेल परत येतात.

आता पानांचं. दुकानाची वेबसाइट सर्चमध्ये मागे पडत चालली होती. ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं शोधलं की आपण तिसऱ्या पानावर, म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून मी तपासणीची साधनं लावली. कोणतं पान किती जणांना दिसलं, किती जणांनी उघडलं, ते कळतं आणि सुधारणांची यादी मिळते. यादीत अकरा पानं ‘मजकूर अपुरा’ म्हणून लाल होती. तुझ्या पानावर चौदा शब्द होते: ‘आवाजावरून मशीनचा बिघाड कसा ओळखायचा, ऐका. बोलणारे आमचे बाबा, बत्तीस वर्षं हेच एक काम.’ खाली बाबांचं रेकॉर्डिंग, प्रश्न विचारणारा तू. ते साधन शब्द मोजतं, त्याला ऐकू येत नाही. मला येतं, पण मीही शब्दच मोजले. अकराच्या अकरा पानांवर खूण केली, बटण दाबलं आणि चहा प्यायला उठले. आठवडाभरात दुकान दुसऱ्या पानावर आलं, याचा मला आनंदही झाला होता.

तू गेलास तो दिवस मला नीट आठवतो. ते रेकॉर्डिंग तू बाबांना न विचारता वेबसाइटवर टाकलंस आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाने काउंटरवर उभं राहून त्यांना ते ऐकवलं. बत्तीस वर्षांची विद्या फुकटात वाटली, असं ते म्हणाले. तू म्हणालास, कपाटात ठेवून तिला वाळवी लागेल. मग दोघंही वाटेल ते बोललात. मी कोपऱ्यात बसून एका मोटरची वायर सोलत होते आणि शेवटपर्यंत सोलत राहिले. ते पान काढून टाक, असं बाबांनी मला त्याच दिवशी सांगितलं. मी ते फक्त मेनूतून काढलं. शोधणाऱ्याला सापडेल, दुकानात येणाऱ्याला दिसणार नाही. मला ती तडजोड फार हुशारीची वाटली होती.

तीन महिन्यांनी तुझा मेल आला. ‘बाबा माझ्याबद्दल काय म्हणतात?’ एवढाच प्रश्न. मी उत्तर दिलं: काही म्हणत नाहीत. ते शब्दशः खरं होतं. ते तुझे स्क्रूड्रायव्हर कुणालाही हात लावू देत नव्हते, मशीनचा अवघड आवाज लागला की सवयीने तुझ्या टेबलाकडे वळून बघत होते, पण म्हणत काही नव्हते. तू मला उगाच मोजपट्टी म्हणायचास असं नाही. त्यानंतर तुझा मेल आला नाही. हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तू आपल्याला कधी विचारलंच नाहीस.

डॉक्टरांनी आवाजाचं सांगितलं त्या संध्याकाळी मला ते रेकॉर्डिंग आठवलं. उघडायला गेले तर पान नाही. कुणी काढलं, हे आठवायला अर्धं मिनिट लागलं. मग जुना रिपोर्ट उघडला. त्यात सोळा महिन्यांचा हिशेब राहतो. सोळा महिन्यांतले पासष्ट रविवार, प्रत्येक रविवारी एक क्लिक. मोबाइलवरून, परदेशातल्या एकाच देशातून. मधल्या दिवशी शून्य. काय शब्द टाकून शोधलं ते साधन सांगत नाही. इतक्या थोड्यांनी शोधलेलं ते झाकून ठेवतं. तो तूच होतास याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण पानाचा पत्ता जपून ठेवायचा तुला कायमचा कंटाळा. शेजारच्या कापडवाल्यांचा नंबरही तू दर वेळी नव्याने शोधायचास.

मी बाबांना सगळं सांगितलं. मेलचंही. ते बराच वेळ हातातल्या बॉबिनवरचा दोरा उलगडत बसले. हल्ली बोलणं म्हणजे घासल्यासारखं येतं. त्यांनी विचारलं, “दर रविवारी?” मी हो म्हटलं. मग म्हणाले, “त्या जुन्यात मी खोकतोय सारखा. नवीन करू.” मी लगेच फोन काढला, प्रश्न विचारायला लागले. दोन प्रश्नांनंतर त्यांनी हाताने थांबवलं. “तू परीक्षा घेतेस,” म्हणाले. “तो विचारायचा तसं विचारायला त्यालाच बोलाव.” आई आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. माझ्याकडे सोडायला नळही नव्हता.

बॅकअपमधून पान त्याच दिवशी परत लावलं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर त्याची लिंक दिली, बाबांच्या परवानगीने. पण सर्चमध्ये ते येत नाही. रोज सकाळी साधनात पत्ता टाकते, ‘पुन्हा तपासा’ची विनंती करते, आणि रोज तेच उत्तर मिळतं: पान पाहिलं, यादीत घेतलं नाही. कारण विचारायला समोर माणूस नाही. आज सहा तारीख. तुला एकदा ‘अस्तित्वात नाही’ दिसलं, तेव्हा ते आम्हीच मुद्दाम लिहिलंय असं तुला वाटलं असेल, तर तू परत शोधणारही नाहीस. हे मला कुठल्याच रिपोर्टमध्ये तपासता येत नाही. रात्रंदिवस डोक्यात तेवढंच आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, कारण पत्ता नाही. ते त्या पानावरच, रेकॉर्डिंगच्या खाली लावते आहे. मजकूर अपुरा होता ना, म्हणून एवढं लिहिलं. तू जे जे शब्द टाकून शोधशील असं वाटलं, ते सगळे यात घातलेत: शिलाई मशीन, आवाज, बिघाड, बाबा, बत्तीस वर्षं. घरातलं सगळं आता गिऱ्हाइकं वाचतील, कापडवालेही वाचतील. वाचू देत. दुकानाचा नंबर तोच आहे आणि फोन आता बाबांच्या टेबलावर असतो. अठराला त्यांना दाखल करायचं आहे. सतरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन कर.

तुझीच,
धाकटी