गाळा नातीचा, कोट घड्याळजींचा

मी, सगळी गल्ली जिला काजवाली आजी म्हणते ती, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण दुसरी (तिसरीत चार दिवस गेले, ते धरत नाही), धंदा कपडे दुरुस्त करण्याचा, राजीखुशीने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाहीत आणि सुईत दोरा अजून मीच ओवते. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना म्हणाले, "आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं." हे वाक्य दाखल्यात घाला म्हटलं, तर हसले आणि घातलं नाही. म्हणून इथे लिहिलं.

हे मृत्युपत्र माझ्या हातचं आहे. नात म्हणाली होती, "तू सांग, मी लिहिते." वकीलबाईंनी अडवलं. ज्याला मिळायचं त्यानेच लिहिलं, तर उद्या कोणी म्हणेल पोरीने आपलं घुसडलं. तेव्हा अकरा दिवस बसून मीच लिहिते आहे. 'सदरहू' हा शब्द वकीलबाईंचा, बाकीचे माझे.

कलम पहिले. राहत्या घराच्या दोन खोल्या माझा मुलगा आणि सून यांच्या नावे, निम्म्या निम्म्या. सुनेचं नाव चुकून पडलेलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कोट शिवत होते तेव्हा घर तिने शिवून ठेवलं. खिडकीजवळची खुर्ची तिची. मुलाने त्यावर वर्तमानपत्र टाकून जागा धरू नये.

बँकेत आहे ते सुनेच्या गुडघ्याला लावावं. माझ्या मागे थाट करू नये.

कलम दुसरे, माझी वही. यात खून, दरोडे आणि चोरांचा गाढवपणा यांच्या बातम्यांची कात्रणं डकवली आहेत. एका बहाद्दराने पेढी लुटायला धमकीची चिठ्ठी लिहिली ती स्वतःच्या वीजबिलाच्या मागे. दुसरा घर फोडून आत शिरला, सोफा मऊ लागला, झोपला. मालकाने सकाळी चहा विचारून उठवलं. नात मला हे वाचून दाखवायची आणि मी पँटी आखूड करायची. ही वही सुनेला द्यावी. "शी, कसलं वाचता हो!" असं ती म्हणते खरी, पण नातीने वाचायला घेतलं की दाराआड तिच्या बांगड्या वाजायच्या थांबतात.

कलम तिसरे. आता खरा तंटा. तो सहा बाय आठच्या गाळ्याचा आहे. मुलाला तो विकायचा आहे, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एकाला आणून त्याने तो दाखवलाही. नातीला त्यातच बसायचं आहे. मुलगा म्हणतो, "शिकवलंय तिला. माझी मुलगी लोकांच्या चेनी बदलत बसणार नाही." कोणाचं ऐकावं, हे ठरवण्याआधी गाळ्यात काय घडलं ते लिहिणं भाग आहे.

एकतीस वर्षं मी टेलरमास्तरांच्या दुकानात मागच्या खोलीत होते. पुढे मास्तर गळ्यात टेप घालून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे. मागे आम्ही बायका काज, अस्तर, तुरपाई. गिऱ्हाइकाने आमचं तोंड कधी पाहिलं नाही. मी डावखुरी. सगळी माणसं काज ज्या बाजूने भरत जातात, त्याच्या उलट बाजूने मी भरते, त्यामुळे माझ्या गाठींची कड दुसरीकडे झुकते. मास्तर म्हणायचे, "बाई, तुमचं काज उलट्या काळजाचं." मग त्यांनी काजाचं यंत्र आणलं आणि एका शनिवारी म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका." एकतीस वर्षांना एक वाक्य. मी गाळा घेतला आणि बाहेर पाटी लावली, 'उसवलेलं शिवून मिळेल'.

त्या मागच्या खोलीत असताना एक कोट माझ्या हाताखालून गेला होता, आमच्या गल्लीतल्या घड्याळजींचा. जन्मभर वाकून घड्याळं उघडून त्यांचा डावा खांदा उतरला होता. मास्तरांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी डाव्या खांद्यात कापसाची गादी दुप्पट घातली, कोट घातल्यावर माणूस सरळ दिसावा म्हणून. आत अस्तरात त्यांच्या भिंगासाठी चोरखिसा केला, त्याला हाताचं काज. कोट न्यायला आले तेव्हा मागच्या दारी येऊन हळूच म्हणाले, "बाई, आरशात मी आज उभा राहिलो." एवढंच. असं गिऱ्हाईक विसरता येत नाही.

तर, तीन वर्षांपूर्वी घड्याळजींचं दुकान बंद दिसू लागलं. पुतण्या सांगायचा, काका मुलीकडे गेले, लांब. आठवड्याने तो माझ्या गाळ्यात आला. हातात तोच कोट.

"आजी, हा माझ्या मापाचा करायचाय. काकांनी दिला. आणि हा डावा खांदा वर येतो, शिंप्याने वाट लावलीय. काढून टाका."

मास्तर काकांना ओळखतात म्हणून हा तिकडे गेला नाही. कोपऱ्यातली म्हातारी बघून माझ्याकडे आला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! सगळ्या गावात तो कोट ओळखणारे हात दोनच, आणि त्याने तो नेमका त्याच हातांत आणून ठेवला.

मी म्हटलं, "गुरुवारी या." आवाज नेहमीचाच ठेवला, याचा मला आजही अभिमान आहे.

तो गेल्यावर मी अस्तर चाचपलं. लोकरीचा कोट कोणीतरी पाण्यात बुचकळून धुतला होता, अस्तर आवळून आलं होतं. असा कोट शहाणा माणूस पाण्यात घालत नाही, घाईतला घालतो. चोरखिशात बोट घातलं तर भिंग आतच. नात शेजारी बसली होती. मी म्हटलं, "बाळा, घड्याळजी डोळे घरी ठेवून मुलीकडे जातील का गं?"

तिने कोट दिव्याखाली धरला आणि मी खांद्याची शिवण एक बोट उसवली. पाण्याने कपड्यावरचं रक्त निघून जातं, पण दाबून भरलेला कापूस आतलं सोडत नाही. गादी तपकिरी झाली होती. नातीने माझा हात धरला. "आजी, थांब. आता एकही टाका उसवायचा नाही. हे पुढे लागेल."

इतक्यात मुलगा जेवणाच्या सुट्टीत आला. त्याने पाहिलं आणि पांढरा पडला. "आई, खांदा काढ, कोट दे, विषय संपव. आपण बरं, आपलं काम बरं."

"अरे, माणूस गेलाय."

"म्हणूनच म्हणतोय!"

तो कामावर परत गेला. मी आणि नात कोट पिशवीत घालून पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गादीकडे, मग खुर्ची दिली.

गुरुवारी साहेबीणबाई साध्या कपड्यांत गाळ्यातल्या स्टुलावर बसल्या, मांडीवर कोणाची तरी पँट घेऊन. पुतण्या आला, खुंटीवरचा कोट पाहिला आणि उलट माझ्यावरच डाफरला. "अजून खांदा काढला नाही?"

मी म्हटलं, "तो काढायलाच या बाई आल्यात."

घड्याळजी कुठेही गेले नव्हते. त्यांच्याच दुकानाच्या तळघरात होते. दुकान नावावर करून द्यायला नाही म्हणाले, एवढा त्यांचा गुन्हा. याहून जास्त लिहीत नाही. माणूस नीटनेटका होता, त्याचं शेवटचं वर्णनही नीट राहू दे.

कोर्टात पुतण्याच्या वकिलाने मला घेरलं. "शिक्षण?" दुसरी. "चष्मा?" आहे. "हजारो काजं केली असतील. हे तुमचंच कशावरून?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कोटाची वरची दोन काजं यंत्राची, खालचं हाताचं, उजव्या हाताच्या माणसाचं. आणि ते बटण घरी लावलंय, रागात. दोरा ओढून तोडलाय." सगळं कोर्ट हसलं. वकीलसाहेबांनी बटणावर हात ठेवला. न्यायाधीशांनी मग पाच काजं मागवली आणि मला डोळे मिटायला लावले. मी फक्त बोट फिरवलं. चौथं माझं होतं. पुतण्याला जन्मठेप झाली. निकालपत्रात माझं काज लिहिलेलं आहे, साहेबीणबाईंनी ते पान मला आणून दिलं. दुसरी शिकलेल्या बाईचं काम कोर्टाच्या कागदावर! नातीने वाचून दाखवलं, पाच वेळा. सहाव्यांदा मी तिला वाचून दाखवलं.

तर सदरहू गाळा, मशीन आणि पाटीसह, माझ्या नातीला. कात्रीही तिलाच. ती डावखुऱ्यांची आहे, उजव्या हातात घेतली तर कापड नुसतं चावते, आणि घरात डावखुऱ्या आम्ही दोघीच. तिला नोकरी करायची असेल तर खुशाल करावी, पण "बसणार नाही" हे तिने म्हणायचं, तिच्या बापाने नाही.

कलम चौथे. टेलरमास्तर. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'नामांकित टेलरच्या कोटाने फोडली खुनाला वाचा', आणि खाली मास्तरांचा फोटो, गळ्यात टेप. मास्तर म्हणे वार्ताहराला म्हणाले, "माझा हात कोणीही ओळखेल." तो हात त्या खोलीत कधी आला नाही! ते कात्रण मी काचेत बसवून घेतलं आहे. मी गेल्यावर नातीने ते मास्तरांना त्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक असताना, नमस्कार करून द्यावं. फोटोखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे, 'काज माझं.' बाकी त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. म्हणजे आहे, पण एवढ्यावर भागेल.

पुरवणी कलम. वरचं सगळं आज वकीलबाईंच्या खोलीत सर्वांसमोर वाचून झालं. मी जिवंत असताना वाचायचं, हा माझा हट्ट. मेल्यावर भांडण झालं तर मला ऐकायला मिळणार नाही.

मुलाने कागद ओढून घेतला आणि तिसरं कलम पुन्हा वाचलं. मग नातीला म्हणाला, "मी कोट परत द्या म्हणालो, ते लिहिलंय आजीने. कायमचं लिहिलंय."

नात म्हणाली, "बाबा, खरं आहे ना ते?"

"खरं आहे. पण अर्धंच." आणि मग माझ्याकडे न बघता बोलला, "खटला चालला होता तेव्हा तो पुतण्या जामीन मागत होता. तुम्ही दोघी त्या खुराड्यात, पाठ रस्त्याकडे, मशीनचा आवाज. कोणी मागून आलं तरी कळायचं नाही. मी आठ महिने रोज संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानात उभा असायचो. गाळा मला नको होता असं नाही. मला तुम्ही तिथे नको होतात."

मी सगळ्या जगाचे टाके ओळखते, आणि पोटचा मुलगा आठ महिने समोर उभा होता ते मला दिसलं नाही. हे लाज वाटूनच लिहिते, पण अभिमानही कमी वाटत नाही. सून रडायला लागली. तिला माहीत होतं.

मग मुलगा वकीलबाईंना म्हणाला, "ते माझं वाक्य राहू द्या. फक्त एक वाढवा. मशीन फिरवून घ्यायची. तोंड रस्त्याकडे."

"आणि आरसा," नात म्हणाली.

"आरसाही. उद्याच लावतो. मोबाईलवाल्याला नाही म्हणून कळवतो."

तेव्हा असं नमूद करते की सदरहू गाळ्यात मशीन फिरवून देण्याचं व आरसा लावण्याचं काम माझ्या मुलाने करावं. हे त्याने आपणहून मागून घेतलेलं आहे. त्याच्यावर कोणीही दाब टाकलेला नाही.

ठिकाण: वकीलबाईंची खोली, दुसरा मजला
तारीख: ९ मार्च २०२६, सोमवार

लिहून ठेवणार: काजवाली आजी (सही डाव्या हाताची)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही:
१. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला (सही)
२. चौकीच्या साहेबीणबाई, आता बढती मिळालेल्या (सही)