दोन बाळं, एकच वजन

आईस बेगिमायचा नमस्कार.

ओश शहरात माझं बरं चाललंय. खोली उबदार आहे, पोटभर जेवते. काळजी करायचीच तर घरातल्यांची कर.

इथे बाळांवर संशोधन चालतं, त्यांच्या वजनांच्या वह्या मी तपासते, हे तुला ठाऊक आहे. काल आपल्या गावची वही आली. दादाच्या एलामानचं वजन पाच किलो सातशे वीस ग्रॅम. शेजारच्या काल्बूबूच्या नातवाचंही त्याच दिवशी पाच किलो सातशे वीस!

वजन करणाऱ्या बाईला फसवशील, मला नाही. दृष्ट लागू नये म्हणून काल्बूबूचा गुबगुबीत नातू उसना आणून काट्यावर ठेवलास ना? आणि आपलं पोर पाळण्यात झाकलेलं! चाळिसाव्या दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे बाळाचं पहिलं अंगडं काढून कुत्र्याच्या गळ्यात बांधलंत, तेव्हाही ते एलामानला ढगळच होतं, असं वहिनीनेच लिहिलंय. शाबास! ज्याचं वजन कमी भरतं त्याच्याच दारात डॉक्टरची गाडी थांबते. तुझ्या शहाणपणामुळे ती आपल्या दारावरून पुढे गेली.

तो आकडा मी खोडलाय. गुरुवारी गाडी येईल. पाळण्यावरचं पांघरूण तू काढ, नाहीतर मी येऊन काढीन.

बाबांचा खोकला कसा आहे? वहिनीला दूध येतंय का, की तेही मला वहीतूनच कळायचं?

माझ्या पाठची आपली ऐनुरा तान्ही असताना त्याच पाळण्यात गेली, तेव्हा दृष्ट लागली म्हणालीस. तिला तर बाहेरच्या कुणी पाहिलंही नव्हतं, आई.

तुझी,
बेगिमाय