मारबतीमागं हाकललेल्यांच्या नावानं

हा कागद लिहायचं मी मारबतीच्या दिवसापासून टाळत आलो. पहिले पेन नव्हता. पेन भेटला तर कागद नव्हता. कागद भेटला तर झोप लागली. आज सकाळी शेजारी पडलेल्या म्हाताऱ्या लटारूभाऊच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली, तेव्हा उठून बसलो. कागद म्हणजे ग्रामपंचायतीची पत्रकं. सरपंचानं वाटायचा कंटाळा करून गठ्ठा इथं फेकला होता. मागची बाजू कोरी आहे. पुढच्या बाजूला छापलं आहे, ‘साथीच्या काळात वयोवृद्धांची विशेष काळजी घ्या.’ वाचणाऱ्यानं दोन्ही बाजू वाचाव्या.

तर मी, लक्ष्मण ऊर्फ लच्छू सोमाजी गुरनुले, वय सत्तावीस, धंदा एक सांगता येत नाही, राहणार मौजा चेकबोडी, तालुका पोंभुर्णा, सध्या मुक्काम गावाबाहेरचं तेंदूपत्त्याचं गोदाम, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. अंगात ताप आहे, पण गावातल्या बिनतापाच्या डोक्यांनी काय केलं ते पाहून मी हे छातीठोकपणे लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला जवळ यावं लागते.

इथं कसा आलो तेही लिहितो, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी पुण्यात हॉटेलात भांडी घासत होतो. त्याआधी राजुऱ्याला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो, त्याआधी नाटक कंपनीत पडदे ओढायचो. एकदा राजाचा मुकुट घालून मीच झोपलो होतो आणि राजा उघड्या डोक्यानं दरबारात गेला, पण ते राहू द्या. पुण्यात स्वाइन फ्लू आला, हॉटेल बंद झालं, मी पोळ्याला गावी आलो, आणि मला ताप आला. गावानं मला इथं टाकलं. इथवर मी समजू शकतो.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराईच्या बाईचा पुतळा. दरवर्षी ‘खासी-खोकला, राई-रोग घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत तिला शिवेवर नेऊन जाळतात. यंदा सरपंच लहानूजी म्हणाला, “मारबत खोकला घेऊन जाते, तं खोकलणारे घरात ठेवून कसं चालन?” मग मारबतीच्या मागं-मागं गावातले खोकलणारे म्हातारेही शिवेवर आणले. मारबत जाळली, यांना गोदामात सोडलं, आणि रस्त्यावर दोरी बांधून सगळे जेवायला गेले. लटारूभाऊचा खोकला गावच्या हातपंपापेक्षा जुना आहे. तो या गावचा कोतवाल होता, प्रत्येक साथीची दवंडी यानंच दिली, आणि जन्मभर मारबत याच्याच खांद्यावरून गेली. जाळ पाहून तो म्हणाला, “तिले जाळलं. आता मले कधी जाळता, टाइम सांगून ठेवा!”

आता मालमत्ता.

घर. हातपंपामागचं, माझ्या गेलेल्या मायचं, मातीचं. ते इथं माझ्यासोबत असलेल्या शकुबाईला द्यावं. तिचा मुलगा प्रफुल यानं पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकले, आणि मारबतीच्या दिवशी तिची गोधडी काठीच्या टोकावर उचलून इथं आणली. बैल खोकलत नाहीत, हे त्यांचं नशीब. प्रफुलनं या घरात फक्त अंगणापर्यंत यावं, तेही “माय, कशी हाय?” असं विचारायचं असेल तर. सून दिव्यानी दोरीपाशी भातानं भरलेला गंज ठेवते आणि मागं वळून पाहत-पाहत जाते. तिला आत येऊ द्यावं.

घराचं ऐकून शकुबाई माझ्यावरच उखडली. “मराचा कागद लिहून राह्यला आन् मले घर देऊन राह्यला! त्याच्या छपराचे कवेलू कोण फेरन, तुहा बाप?”

“तू बरी झाली का तूच फेरजो,” मी म्हटलं.

“मले झालं काय? मिरचीच्या फोडणीनं खोकलली. त्याच टायमाले लहानू दारापुढून गेला.”

सायकल. ही गुलाम रसूल चाचाला. चाकं मात्र वेगळी मिळवावी लागतील, कारण मी पळून जाईन म्हणून सरपंचानं दोन्ही चाकं काढून ग्रामपंचायतीत ठेवली आहेत. पळायला मला चाकं कधीपासून लागतात? पोंभुर्ण्याला जाऊन दवाखान्याची गाडी आणायला ती लागत होती. काल पायी निघालो तर नाल्याशी चक्कर येऊन पडलो, शकुबाईनं ओढत परत आणलं. चाचा राजुऱ्याचा बांगड्यावाला. पोळ्याच्या सणाला बांगड्या विकायला आला, सरपंचाच्या अंगणात शिंकला, आणि इथं पोचला. आता रोजे सुरू झालेत. शकुबाई त्याच्यामागं लागलेली असते, “भाऊ, आजाऱ्याले माफ असते ना? खा ना दोन घास.” तो म्हणतो, “बाई, आजारी कोण हाय? आजारी तं गाव हाय.”

कांबळं. पुण्याहून आणलेलं, हे लटारूभाऊला. ते आजच त्याच्या अंगावर आहे, म्हणून ही वाटणी माझ्या मरणाची वाट पाहत नाही. पण त्याला कांबळं नाही, दवाखाना पाहिजे. तो टेकून बसला आहे, बोलताना मधेच थांबतो आणि हवा शोधतो. गावात जीप एकच, लहानूजीची. मी दोरीपाशी उभा राहून ओरडलो. लहानूजी तोंडाला रुमाल बांधून आला आणि म्हणाला, “जीपीत हे लोक बसले तं मंग माह्या पोरायनं कुठी बसाचं?” मी म्हटलं, “भाऊ, धुऊन घेजो.” म्हणे, “सीट कापडाची हाय.” एका माणसाचा श्वास आणि एका सीटचं कापड, आमच्या गावात असं मोजमाप आहे. बैलबंडीवाल्यांनीही हात वर केले. सरपंच जे करत नाही ते करायला गावात हिंमत लागते, ती यंदा पिकली नाही.

म्हणून लहानूजीला मी माझा पुण्याचा तोंडाचा रुमाल देतो. त्यानं तो डोळ्यावर बांधावा.

तालुक्याहून एक साहेबही येऊन गेले होते. दोरीच्या पलीकडून म्हणाले, “ज्येष्ठांनी पौष्टिक आहार घ्यावा, मन प्रसन्न ठेवावं.” त्यांना काही देत नाही. ते काही घ्यायला जवळ येणार नाहीत.

माझ्या प्रेताबद्दल. मी मेलो तर घाई करू नये. आधी लटारूभाऊला न्यावं. मेलेला माणूस थांबू शकतो.

ट्रान्झिस्टर चाचाला देणार होतो. पण चाचानं अडवलं. त्याचं म्हणणं, ज्याला काही मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदार दोन लागतात. इथं तर मी सगळ्यांनाच काही ना काही देऊन बसलो. गोदामात साक्षीदारच उरला नाही! शेवटी चाचा म्हणाला, “रेडिओ शकुबाईले दे. सायकल लटारूले लिही. मी सही करतो.”

“चाचा, सायकल बिनचाकाची हाय म्हणून सोडून राह्यला का?”

“बेटा, चाकाची असती तं तुहा कागद गेला असता खड्ड्यात.”

तर सायकल लटारूभाऊची, आणि त्यानं बरं होऊन ती ग्रामपंचायतीत जाऊन जोडून घ्यावी, सरपंचासमोर, घंटी वाजवत.

वरचं सगळं मी वाचून दाखवलं, सर्वांनी ऐकलं, शकुबाईनं दोनदा शिव्या घातल्या, त्या लिहिल्या नाहीत.

मुक्काम गोदाम, मौजा चेकबोडी. दिनांक २६ ऑगस्ट २००९.

सही: लच्छू गुरनुले
साक्षीदार पहिला: गुलाम रसूल, बांगडीवाले, राजुरा
साक्षीदार दुसरा: (जागा रिकामी)

रिकामी ठेवून कागदाची घडी करत होतो, तेवढ्यात शकुबाई ओरडली, “अगं माय! हे कोण?” दोरीखालून वाकून एक म्हातारी आत येत होती. काखेत गाठोडं, हातात काठी, तोंडावर काही नाही. लहानूजीची माय, सीताबाई. घरात सगळ्यात जास्त जपून ठेवलेली. मागच्या खोलीत, बाहेरून कडी लावून.

“काऊन आली इथी? खोकला हाय का?” शकुबाईनं विचारलं.

“नाई. पण खोकलून दाखवू का? लहानू दारातून ताट सरकवते आन् पळते. पोळ्यापासून माह्याशी कोणी बोललं नाई. आज सून कडी लावाले विसरली.” तिनं गाठोडं लटारूभाऊच्या पाठीमागं टेकू म्हणून लावलं आणि बाजूला बसली. “इथी बोलण्याचा आवाज येते, वाऱ्यानं येते घरापर्यंत.”

मी दुसऱ्या साक्षीदाराचं सांगितलं. तिनं चुलीतल्या काजळीत अंगठा बुडवून उठवला.

आणि तिच्या मागोमाग लहानूजी धावत आला. रुमाल नाही, एका पायात चप्पल. दोरीपाशी थांबला. “माय! चाल घरी!”

“येतो ना,” सीताबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “जीप आण. पहिले लटारू बसन, मंग मी. कापडाच्या सीटवर.”

लहानूजीनं एकदा दोरीकडे, एकदा मायकडे पाहिलं. मग दोरी ओलांडून आत आला, मायला हात लावला, तिनं काठी दाखवली, आणि तो “जीपची चाबी काढा!” ओरडत गावाकडे पळाला. त्याची टोपी इथंच पडली आहे. ती माझ्या मालमत्तेत धरू नये.

साक्षीदार दुसरी: सीताबाई, सरपंचाची माय, अंगठा डावा.